वाचणाऱ्या माणसाच्या हाती खरेदी कशी द्यावी

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या बऱ्याच पुस्तक दुकानांचा गल्ला शालेय पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांवर चालतो. ती खरेदी मालकानंच करावी. कथा, कविता, इतिहास, वैचारिक पुस्तकांची यादी मात्र काउंटरवरच्या मनापासून वाचणाऱ्या माणसाकडे द्यावी. गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हातानं गेलं, हे त्यालाच ठाऊक असतं.

आधी एक विचारणा वही घाला. तारीख, मागितलेलं नाव, कोणी मागितलं आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढे चार रकाने पुरतात. नाव अर्धंमुर्धं असलं तरी जसं सांगितलं तसंच लिहावं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकाच कॉलेजची दहा मुलं एका सरांच्या सांगण्यावरून आली, तर ती मागणी एकच. परीक्षा झाली की संपते. तीन वेगळ्या ठिकाणांहून तेच नाव आलं, तर पुस्तक मागवाच. परीक्षेच्या पुस्तकांना वेगळी वही ठेवा, नाहीतर बाकीची नावं त्यात बुडून जातात.

मग त्या माणसाला एक मांडणी आणि एक रक्कम ठरवून द्या. समजा, सरासरी किंमत ३०० रुपये आणि सूट ३५ टक्के. प्रत १९५ रुपयांना पडते. ४० पुस्तकांच्या दोन-दोन प्रती म्हणजे १५,६०० रुपये. या मर्यादेत निवड त्याची, मालकानं मोडता घालू नये. दोनच प्रती का? एक विकली तरी दुसरी दाखवायला उरते. दोन्ही गेल्या तर पुढच्या वेळी तीन-चार मागवा, एकदम दहा नकोत. पहिल्या प्रती बहुधा त्यानं तोंडानं सांगून विकलेल्या असतात. पुस्तक आपल्या पायावर चालतं का, हे दुसऱ्या खेपेला कळतं.

आवडीचं पुस्तक पाठ दाखवून ठेवलं की ते मेलंच. मुखपृष्ठ समोर ठेवा आणि खाली पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहा: पुस्तक कशाबद्दल आहे, कोणाला आवडेल. 'अप्रतिम' लिहून काही कळत नाही.

इथे एक धोका कायम असतो: माणूस स्वतःच्याच आवडीचं भरत जातो. कवितेच्या वेडापायी मांडणीत नुसत्या कविता होतात. म्हणून निम्मी नावं वहीतून, निम्मी पसंतीची. दर ९० दिवसांनी न हललेली पुस्तकं काढा. परतीच्या बोलीवर घेतलेल्यांवर दुकानाचा शिक्का किंवा चिकट लेबल लावू नका. प्रकाशक तशा प्रती परत घ्यायला कुरकुर करतात. परतीची मुदत बिलावरच लिहून घ्या.

जूनमध्ये शाळेची पुस्तकं येतात आणि ही मांडणी सगळ्यात आधी उचलली जाते. ती हलवू नका, हवं तर अर्धी करा. १४ एप्रिल, आषाढी, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, यांची यादी महिनाभर आधी पाठवा. पुण्याहून पार्सल यायला वेळ लागतो.

मराठवाड्यातल्या लेखकांची स्वतः छापलेली पुस्तकं वितरकाच्या यादीत नसतात. ती गाठायची तर साहित्य संमेलनं, कॉलेजांचे कार्यक्रम, मराठवाडा साहित्य परिषदेच्या बैठकांना हाच माणूस पाठवावा. प्रत्येकी पाच प्रती घ्या, प्रती आणि कमिशन लिहून सही घ्या, आणि विकल्या तेवढ्यांचे पैसे लेखकानं विचारायच्या आत पोचवा.