घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सूक्ष्मजीव कसे वसवावेत

गोव्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडू पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच समुद्राकडे जाते, कारण पाणी, वाळू आणि दगड हे तिन्ही दारातच उपलब्ध असल्यासारखे वाटते. हा मोह आवरावा. मांडवी आणि झुआरी यांच्या मुखांजवळच्या मिरामार-दोनापावला पट्ट्यात पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी उतरते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या पाण्याची क्षारता घसरते आणि गाळ वाढतो. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने ग्रँड आयलंडजवळ डुबकी मारताना आवडलेला प्रवाळ लागलेला दगड घरी आणता येत नाही. मिठागरातले मीठही चालत नाही. उन्हात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते आणि हाती येते ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. म्हणून मत्स्यटाकीसाठी मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ आरओच्या पाण्यात विरघळवावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, येईपर्यंत ढवळावे.

टाकीत कोरडे सच्छिद्र दगड आणि अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू घालून पंप सुरू केल्यावर लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ इतका असल्याने त्याचा विषारी अंश गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा अधिक असतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे दोन्ही गट सावकाश वाढणारे असून पाण्यात तरंगण्यापेक्षा दगडावर, वाळूच्या कणांवर आणि काचेवर चिकटून राहतात. त्यांना अन्न मिळावे म्हणून शुद्ध अमोनिया साधारण २ पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत दोन भाग) घालावा आणि एक दिवसाआड चाचणी करावी. घातलेला अमोनिया २४ तासांत संपू लागला आणि नायट्राइटही शून्यावर आले की पहिला मासा आणता येतो. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातल्यास हा काळ कमी होऊ शकतो, परंतु निर्णय बाटलीवरच्या मजकुरावर न सोपवता चाचणीवर सोपवावा.

उरलेल्या नायट्रेटचे काय, हा प्रश्न अनेकजण केवळ पाणी बदलून सोडवतात. वास्तविक दगडाच्या आतल्या पोकळ्यांत आणि वाळूच्या खालच्या थरात, जिथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, तिथे वेगळे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. यासाठी घट्ट, चकचकीत दगडापेक्षा सच्छिद्र दगड घेणे फायद्याचे ठरते, आणि जुनी खोल वाळू एकदम उपसू नये, कारण तिच्यात साचलेले घातक वायू आणि घाण पाण्यात मिसळते.

जिवाणू स्थिरावले की कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म कवचधारी जीव, सोडावेत. पंप अर्धा तास थांबवून, दिवे मालवल्यावर, दगडांच्या फटींजवळ ते हळूच ओतावेत. मासे नसताना सोडले तर त्यांची वस्ती रुजते. नंतर सोडल्यास त्यातले बरेचसे माशांचे जेवण होते. काही आठवड्यांनी रात्री काचेवर बॅटरीचा उजेड तिरपा टाकून भिंगाने पाहावे: मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान पांढरट ठिपके काचेवर झटक्याझटक्याने सरकताना दिसतात, आणि काही माद्यांच्या शेपटीजवळ अंड्यांची पिशवी लटकलेली असते. ते काचेवरचे शेवाळ व कुजके कण खातात आणि माशांचे अन्न बनतात. मँडरीन मासा दिवसभर त्यांच्यावरच जगतो, म्हणून तो लहान किंवा नव्या टाकीत आणणे मला क्रौर्याचे वाटते. ब्रिसल वर्म, म्हणजे केसाळ कृमी, दिसताच चिमट्याने उपटण्याची घाईही अनाठायी आहे. ते सांडलेले अन्न संपवतात. मात्र त्यांचे केस बोटात टोचतात, तेव्हा दगड हलवताना हातमोजे घालावेत.

जागा असेल तर सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, एक शांत कप्पा ठेवून तिथे कीटोमॉर्फा हे दोऱ्यासारखे शेवाळ वाढवावे. मुख्य टाकीचे दिवे बंद असताना या कप्प्याचा दिवा चालू ठेवावा. वाढलेले शेवाळ महिन्यातून एकदोनदा मूठभर काढले की त्यात शोषलेले नायट्रेट आणि फॉस्फेटही बाहेर जातात, तर उरलेल्या गुंत्यात कोपेपॉड निर्धोक पिलावतात.

पहिल्या काही महिन्यांत वाळूवर डायटम या एकपेशीय शेवाळाचा तपकिरी थर येतो आणि सिलिकेट संपत आले की सहसा ओसरतो. त्याला घाबरून रसायने घालू नयेत. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेण्याचा आग्रहही धरू नये. अशा उपाशी पाण्यातच डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, बुडबुडे धरणारे जीव माजतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम असणे बहुतेक टाक्यांना मानवते. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही टाकू नये, कारण त्यामुळे कोपेपॉड, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. आजारी माशाला वेगळ्या टाकीत ठेवावे.

गोव्याच्या हवामानाचा हिशेब वेगळा ठेवावा. मे महिन्यात पाण्याचे तापमान २७ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवन वाढते, आणि क्षार मागे उरत असल्याने रोज आरओचे गोडे पाणीच भरावे लागते, मिठाचे नाही. जुलैत हवा दमट असल्याने तोच पंखा फारसा गार करत नाही आणि भरायचे पाणीही कमी लागते. वीज खंडित होण्याचे दिवसही हेच. प्रवाह थांबला की दगडावरच्या जिवाणूंना प्राणवायू कमी पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा. आणि बंदिस्त फिल्टर कित्येक तास थांबून राहिला असेल तर वीज आल्यावर त्यातले साचलेले पाणी आधी फेकून मगच तो सुरू करावा.