पोपचा पत्त्यांचा डाव: पुस्तकाशेजारी पत्ते मांडून वाचा

अलेक्झांडर पोपचं (1688–1744) 'द रेप ऑफ द लॉक' हे दीर्घकाव्य वाचताना गाडी अडते ती तिसऱ्या सर्गात. नायिका बेलिंडा आणि तिची बट हवी असलेला बॅरन तिथे हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात 'ओम्बर' हा पत्त्यांचा खेळ खेळतात, आणि पोप तो डाव महाकाव्यातल्या रणधुमाळीच्या थाटात सांगतो. नुसत्या टीपा वाचून तो डोळ्यांसमोर येत नाही. पत्ते मांडावेत.

आधी हातातली प्रत पाहा. 1712 चा पाठ दोन सर्गांचा, त्यात हा डावच नाही. तो 1714 च्या पाच सर्गी पाठात आला. शीर्षकातला 'रेप' म्हणजे जुन्या अर्थाने हिसकावून नेणं. इथे हिसकावली जाते ती केसांची बट.

52 पत्त्यांतून अठ्ठे, नव्वे, दश्शे काढा. 40 उरतील. खेळणारे तीन (बेलिंडा, बॅरन आणि आणखी एक), प्रत्येकी नऊ पानं. बेलिंडा इस्पिक हुकूम बोलते. काळा रंग हुकूम असला की उतरता क्रम असा: इस्पिक एक्का, हुकमाची दुर्री, किलवर एक्का, मग हुकमाचा राजा. दुर्री राजाच्या डोक्यावर बसलेली बघून चक्रावू नका, आणि किलवरचा एक्काही इथे हुकूमच.

बेलिंडाला ही चार पानं द्या. शिवाय किलवर राजा, बदाम राजा-राणी आणि चौकटची दोन हलकी पानं. ही शेवटची दोन पोप सांगत नाही, पण ती धरली की हिशेब जमतो. बॅरनकडे इस्पिक राणी, चौकट राजा-राणी-गुलाम आणि बदाम एक्का हवेतच.

आता कवितेच्या ओळींबरोबर पानं टाका. पहिले चार हात बेलिंडाचे. पाचव्याला तिचा किलवर राजा बॅरनच्या इस्पिक राणीने कापला जातो. मग चौकटचे तीन हात तो सलग ओढतो. तिसऱ्याला तिच्याकडे बदामचीच दोन पानं उरलेली असतात, म्हणून राणी द्यावी लागते. चार-चार. हा हात गेला तर 'कोडिल', म्हणजे डाव बोलणारीवरच उलटला.

बॅरन बदामचा एक्का टाकतो, आणि इथेच आजचा वाचक फसतो. आपल्या सवयीने एक्का राजाला मारतो, म्हणून बेलिंडा हरली असं वाटतं. ओम्बरमध्ये लाल रंग हुकूम नसला की त्याचा एक्का राजा, राणी आणि गुलामाच्याही खाली. तिचा बदाम राजा हात नेतो: पाच-चार.

मोठ्याने वाचत असाल तर सर्गाच्या सुरुवातीला 'ओबे'शी (obey) 'टी'चं (tea) यमक जुळत नाही म्हणून थबकू नका. तेव्हा चहाचा उच्चार 'टे' असाही होता.

पत्ते आवरायच्या आत पुढच्या ओळी वाचा. बेलिंडा जिंकल्याच्या आनंदात आहे, कॉफी येते, क्लॅरिसा बॅरनच्या हाती कात्री देते.