रताळ्याचं भरीत: तिखट आणि घट्ट

उपासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याच्या आमटीशेजारी काहीतरी चमचमीत हवं असतं, पण रताळ्याचं भरीत नेहमी पाणचट आणि गोड व्हायचं. रताळं मंद आचेवर हळूहळू शिजलं की त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. म्हणून आता मी ते झटपट वाफवते: सालासकट मोठे तुकडे, कुकरमध्ये जाळीवर, पाण्याला न टेकता, दोन शिट्ट्या. गरम असतानाच सोलून कुस्करायचं. मिक्सर अजिबात नको, चिकट लगदा होतो. मग मीठ, दाण्याचं कूट, टांगलेलं घट्ट दही आणि वरून तुपात जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. मिरची सढळ हाताने घाला, रताळं ती सहज पचवतं! कोथिंबीर आमच्याकडे उपासाला चालते. तुमच्याकडे चालत नसेल तर वगळा.