आधी भाषा, मग एम.ए., मग विसर : फॉरिन एरिया ऑफिसरच्या अभ्यासात या चुका टाळा

अमेरिकी सैन्यातल्या अनेक फॉरिन एरिया ऑफिसरांची, म्हणजे एखाद्या परदेशी प्रदेशाची भाषा आणि राजकारण शिकून तिथलं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची, वाट कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेमधून जाते. टेकडीवर प्रेसिडिओ या लष्करी तळावर डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूट आहे, आणि त्याच गावात नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल. एकीकडे भाषा शिकायची, दुसरीकडे प्रादेशिक अभ्यासाचं एम.ए. करायचं. काही जण एम.ए.साठी बाहेरच्या विद्यापीठात जातात. कुठेही गेले तरी बहुतेकांच्या डोक्यात या दोन गोष्टींचे दोन वेगळे कप्पे होतात. खालच्या निम्म्याअधिक चुका तिथूनच निघतात.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे परीक्षा झाली की भाषा झाली असं समजणं. स्पॅनिशला ३६ आठवडे, रशियन किंवा फारसीला ४८, अरबी, चिनी, जपानी, कोरियनला ६४ आठवडे दिले जातात. शेवटी डीएलपीटी ही सैन्याची भाषा-परीक्षा होते. तिच्यात वाचन आणि श्रवण यांचे गुण वेगवेगळे लागतात, बोलणं मुलाखतीतून तपासतात. मोजपट्टी ० ते ५ अशी आहे, मध्ये ‘प्लस’च्या पायऱ्या. २ म्हणजे बातमीतली माहिती नीट कळते. ३ म्हणजे लिहिणाऱ्याचं मत, त्याचा युक्तिवाद आणि त्याने न लिहिलेलंही कळतं. दूतावासातलं काम ३ वर चालतं. संरक्षण मंत्रालयाचं निवेदन वाचताना काय म्हटलंय यापेक्षा या वेळी काय गाळलंय हे दिसावं लागतं.

विद्यार्थी २ किंवा २+ घेऊन बाहेर पडतो आणि थेट एम.ए.च्या वर्गात बसतो. तिथे आठवड्याला शेकडो पानांचं इंग्रजी वाचन असतं. आधी बोलणं अडखळायला लागतं, मग ऐकलेलं निसटतं. वाचन जरा टिकतं, म्हणून धोका लक्षातच येत नाही. वर्षभराने पुन्हा परीक्षा आली की धावाधाव, जुन्या नमुन्यांचा रट्टा. रट्ट्याने एखाद वेळी गुण टिकतील, भाषा टिकत नाही. हा आडमार्ग आम्हाला अजिबात मान्य नाही.

उपाय एम.ए.च्या पहिल्या आठवड्यापासूनच करायचा. प्रत्येक सेमिनार पेपरमध्ये किमान एक तृतीयांश संदर्भ शिकलेल्या भाषेतले ठेवा. चीनने २०१९ साली काढलेली संरक्षण श्वेतपत्रिका चिनी आणि इंग्रजी दोन्हींत आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकेक परिच्छेद ताडून पाहा. जिथे इंग्रजी वाक्य चिनी वाक्यापेक्षा मऊ किंवा कडक वाटेल तिथे खूण करा. अशा वीस खुणा झाल्या की प्रबंधाचं एक प्रकरण हातात येतं आणि वाचनही ३ कडे सरकतं. शिवाय रोज अर्धा तास ऐकायचं, पण वृत्तनिवेदक नाही. त्याची भाषा धुऊन इस्त्री केलेली असते. दोन माणसं एकमेकांना तोडत बोलतात असा वादाचा कार्यक्रम घ्या. दहा मिनिटं न थांबवता ऐका, त्याच भाषेत पाच वाक्यं लिहा, मग पुन्हा ऐकून काय सुटलं ते पाहा. सुटलेलं बहुधा नाम नसतं. ‘तरीसुद्धा’, ‘म्हणे’, ‘असं असलं तरी’ अशा जोडशब्दांवरच गाडी घसरते.

दुसरी चूक अरबीवाल्यांची. प्रमाण अरबी आली म्हणजे अरबी आली, असं त्यांना वाटतं. प्रमाण अरबी वर्तमानपत्राची, भाषणाची, कराराची भाषा आहे. घरात ती कोणी बोलत नाही. ‘तुला काय हवं?’ हे पुस्तकात ‘माज़ा तुरीद’. कैरोत ‘आयिज़ एह’, दमास्कसला ‘शू बिद्दक’, बगदादला ‘शितरीद’. ‘आत्ता’ हा रोजचा शब्द घ्या : पुस्तकात ‘अल्-आन’, इजिप्तमध्ये ‘दिल्वक्ती’, इराकमध्ये ‘हस्सा’, आखातात ‘अल्-हीन’. चौकीवरच्या सैनिकाने ‘हस्सा’ म्हटलं आणि अधिकारी शब्द आठवत उभा राहिला, तर ६४ आठवड्यांचा त्या क्षणी उपयोग शून्य. उलटही खरं. नुसती बोली शिकून आलेल्याला कराराचा मसुदा वाचता येत नाही. नेमणुकीचा देश कळला की त्या देशाची एकच बोली धरा आणि प्रमाण भाषेवर ती चढवा. तीन बोलींची थोडीथोडी ओळख करून घेणारे उतावीळ विद्यार्थी शेवटी तिन्हींची खिचडी बोलतात, आणि ऐकणारा सभ्यपणे इंग्रजीवर येतो.

तिसरी चूक मोठ्या पदावरची माणसंसुद्धा करतात. वाचता येतं म्हणजे दुभाष्याचं काम करता येईल, आणि एक स्लाव्हिक भाषा आली म्हणजे शेजारची निभावेल, हा तो समज. २९ डिसेंबर १९७७ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर वॉर्साला उतरले तेव्हाचा प्रसंग यासाठी प्रत्येक वर्गात सांगायला हवा. सोबतच्या दुभाष्याचं लिखित पोलिश चांगलं होतं. पण विमानतळावर, थंडीत, माईकसमोर वाक्यं उभ्या उभ्या फिरवायची होती. ‘मी अमेरिकेहून निघालो’ याचं झालं ‘अमेरिका कायमची सोडून आलो’. पोलिश जनतेच्या भविष्याबद्दलच्या इच्छा जाणून घ्यायच्या आहेत, या वाक्यातल्या ‘इच्छे’साठी वासनेचा वास येणारा शब्द वापरला गेला. मध्येमध्ये रशियन वळणाचे आणि जुनाट शब्दही आले, आणि तेही १९७७ सालच्या पोलंडमध्ये, जिथे रशियन कानावर पडलेली कोणाला आवडत नव्हती. बातमी जगभर गेली आणि पुढच्या कार्यक्रमाला दुभाषा बदलावा लागला.

लिखित अनुवादात कोश उघडायला, मागे वळायला वेळ असतो. तोंडी भाषांतरात ऐकणं, लक्षात ठेवणं आणि बोलणं एकाच श्वासात होतं. ते वेगळं कौशल्य आहे आणि वेगळंच शिकावं लागतं. म्हणून फॉरिन एरिया ऑफिसरने औपचारिक बैठकीत स्वतः दुभाषा होऊ नये. व्यावसायिक दुभाषा मागवावा आणि आपण त्याच्यावर कान ठेवावा. बैठकीआधी त्याला पंधरा मिनिटं द्या : हुद्दे, संक्षेप, विशेषनामं आणि आकडे कागदावर लिहून. बोलताना दोन वाक्यांनंतर थांबा. म्हणी आणि विनोद घरी ठेवा. आणि रशियनवाल्याने पोलिश किंवा युक्रेनियन घेतली, तर दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांची यादी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवावी. ओळखीचा दिसणारा शब्दच फसवतो.

अमेरिकी सैन्याने जग कमांड नावाच्या विभागांत वाटलंय. त्या कमांडच्या नकाशालाच प्रदेश समजू नका. भारत इंडो-पॅसिफिक कमांडकडे, पाकिस्तान सेंट्रल कमांडकडे. इजिप्त आफ्रिकेत आहे, पण आफ्रिका कमांडमध्ये नाही. इस्रायल २०२१ मध्ये युरोपियन कमांडकडून सेंट्रल कमांडकडे आलं. या रेषा कामाच्या सोयीच्या आहेत. नद्या, व्यापार, धर्म आणि नातीगोती त्या पाळत नाहीत, म्हणून प्रबंधाची हद्दही त्यांवर आखू नये.

प्रबंधाचा विषय ‘चीनचं आफ्रिका धोरण’ असेल तर तो विषयच नव्हे. एक बंदर, एक करार, दहा वर्षं एवढा घ्या.

मुलाखती घ्यायच्या असतील तर मानवी सहभागाच्या संशोधनाला लागणारी मंजुरी आधी घ्या. नंतर मागितलेली मंजुरी मिळत नाही, आणि आधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत.

शब्दसंग्रह फक्त रणगाड्यांचा नको. लष्करी सहकार्याच्या कामात सीमाशुल्क, पावती, सुटे भाग, निविदा, सुटीचा अर्ज हे शब्द रणगाड्यापेक्षा जास्त वेळा लागतात.

प्रदेशात प्रत्यक्ष राहण्याच्या काळात देशबांधवांच्या वसाहतीत राहणं ही तर हातची संधी घालवणं आहे. १९१९ मध्ये जोसेफ स्टिलवेल चीनसाठी अमेरिकी लष्कराचे पहिले भाषा-अधिकारी म्हणून नेमले गेले. बर्कलीत आणि मग पेकिंगमध्ये ते शिकले, पण १९२१ मध्ये रेडक्रॉसच्या रस्त्याच्या कामावर शान्शीत गेले आणि चिनी मजुरांमध्ये राहिले. आज रस्ता बांधायला जायची गरज नाही. घर स्थानिक वस्तीत घ्या, केस कापून घेण्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं त्यांच्या भाषेत करा, आणि महिन्यातून एक प्रवास राजधानीबाहेर, बसने करा.

नावं टिपताना मूळ लिपीतच लिहा. लिबियाच्या कद्दाफींचं आडनाव रोमन लिपीत कितीतरी तऱ्हांनी छापलं गेलं, म्हणून रोमन टिपणांवरून शोध घेणाऱ्याला निम्मे कागद सापडत नाहीत. अरबी लिपीत ते लिहून टाका, शेजारी तारीख आणि स्रोत घाला.