मुलांशी बोलायला मेंटॉर व्हायचंय? मग आधी हे वाचा

एखाद्या संस्थेत मेंटॉर म्हणून, म्हणजे मुलांना नियमित भेटून त्यांचं ऐकणारं, सोबत करणारं मोठं माणूस म्हणून, नाव द्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "पण मी त्यांना सांगू काय?" खरं तर सांगायचं फार कमी असतं. तेरा-चौदा ते अठरा-एकोणीस वयाच्या मुलामुलींना सल्ले देणारे घरात, शाळेत, क्लासमध्ये पैशाला पासरी असतात, पण ज्याच्यासमोर मनातलं अर्धवट, कच्चं काहीतरी बोलून बघता येईल आणि लगेच त्यावर निकाल लागणार नाही असं मोठं माणूस बहुतेकांना मिळत नाही. ते माणूस व्हायचंय तुम्हाला.

आधी स्वतःचं वेळापत्रक नीट बघा. महिन्यातून दोनदा जमेल की आठवड्यातून एकदा, ते ठरवा आणि निदान वर्षभर तरी जमणार असेल तरच हो म्हणा. हे मी उगाच कडक होऊन सांगत नाहीये. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अमेरिकन संशोधकांनी २००२ साली मेंटॉर आणि मूल अशा जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला आणि ज्यांची साथ तीन महिन्यांच्या आतच सुटली त्यांच्यात स्वतःबद्दलचं मत उलट खाली गेलेलं दिसलं. म्हणजे उत्साहात सुरू करून मधेच गायब होण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

संस्था निवडताना एवढंच बघा की ते तुमची चौकशी करतात का, ट्रेनिंग देतात का आणि अडचण आली तर फोन उचलणारा को-ऑर्डिनेटर आहे का. फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी थेट मुलांसमोर उभं केलं, असं असेल तर दुसरी संस्था शोधा. भेटी चारचौघांना दिसेल अशा जागी, पालकांना माहिती असताना. रात्री उशिरा पर्सनल मेसेजवर गप्पा नकोत, कितीही चांगल्या मनाने असल्या तरी.

पहिल्या दोन-तीन भेटींत मार्क किती आणि मोठेपणी काय होणार हे विचारूच नका, ते सगळेच विचारतात. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की इंटरव्ह्यू वाटतो, त्यापेक्षा सोबत चाला, काहीतरी खेळा, चित्र काढा, हात गुंतलेले असले आणि नजरेला नजर द्यावी लागत नसली की मुलं मोकळी होतात. आणि मागच्या वेळचं लक्षात ठेवा. "तू मैत्रिणीशी बोलणार होतीस ना, झालं का?" एवढ्या एका वाक्याने तिला कळतं की आपलं बोलणं कोणीतरी खरंच ऐकलं होतं.

आता मुख्य गोष्ट, बोलणं पुढे कसं न्यायचं. समजा एखादा मुलगा म्हणाला, "दादा, मला नाही जायचं आता क्लासला." आपल्या तोंडात लगेच येतं, "अरे असं कसं, वर्ष वाया जाईल!" आणि विषय तिथेच संपतो, कारण हे त्याने घरी ऐकलेलंच असतं. त्याऐवजी नुसतं म्हणा, "म्हणजे आता जावंसंच वाटत नाहीये." आणि थांबा. तो म्हणेल, "नाही म्हणजे, शिकवतात चांगलं. पण तिथे ना सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवतात." तुम्ही म्हणा, "सगळ्यांसमोर." परत थांबा. "हो ना. मागच्या वेळी हसले सगळे." बघा, अडचण क्लासची नव्हतीच, अपमानाची होती, आणि वर्ष वाया जाण्यावर भाषण दिलं असतं तर ती कधी बाहेर आलीच नसती. आता विचारा, "यावर काय करायचं ते बघूया, की आज नुसतं सांगायचं होतं?" दोन्हीपैकी जे म्हणेल ते करा.

ते थांबणं सगळ्यात अवघड असतं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास केला तेव्हा लक्षात आलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण समोर शांतता असताना मोजून बघा, जीव कासावीस होतो आणि आपणच दुसरा प्रश्न टाकतो. तो टाकू नका.

"का" ने सुरू होणारे प्रश्नही जपून वापरा. "का नाही गेलास?" मध्ये जाब विचारल्यासारखं वाटतं, "त्या दिवशी काय झालं होतं?" मध्ये नाही वाटत. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा की तू आतापर्यंत काय काय करून पाहिलंस, मग "मला एक सुचतंय, सांगू?" आणि नको म्हणाला तर नको. स्वतःचा अनुभव सांगायला हरकत नाही पण थोडक्यात, आणि शेवटी "म्हणून तूही असंच कर" हे शेपूट जोडू नका.

ग्रुपमध्ये बोलायचं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा की कोणालाही "पास" म्हणायची मुभा आहे आणि कारण विचारलं जाणार नाही.

"कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की तुझं बोलणं मी इकडेतिकडे करणार नाही, पण तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावं लागेल, आणि कोणाला सांगणार ते तुला आधी कळेल. एखादीने छळाबद्दल सांगितलं तर खोदून खोदून तपशील काढू नका, तिच्यावर विश्वास आहे आणि यात तिची चूक नाही हे सांगा, तिच्याच शब्दांत नोंद करा आणि त्याच दिवशी को-ऑर्डिनेटरला कळवा. जगणं नको झालंय असं कोणी बोललं तर घाबरून विषय बदलू नका, सरळ विचारा, "आत्महत्येचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती चुकीची आहे, संशोधनात तसं दिसलेलं नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, लगेच को-ऑर्डिनेटर, घरचं माणूस किंवा हेल्पलाइन गाठा. ते एकट्याने निस्तरायचं काम नाहीच.

आणि थांबायची वेळ आली की तीन-चार भेटी आधी सांगा. शेवटच्या भेटीत "तू छान आहेस" असलं गुळमुळीत नको, तुम्हाला तिच्यात नेमकं काय दिसलं ते सांगा, की आधी चिडल्यावर उठून जायचीस आता बसून बोलतेस. पुढे संपर्क ठेवणार असाल तर कधी आणि कसा ते ठरवून घ्या, आणि फोन उचलणार नसाल तर "कधीही फोन कर" असं म्हणू नका.