टायटॅनियाची पावडर किती डिग्रीला भाजायची?

सोल-जेलने (द्रावणाचं जेल करून) टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजेच टायटॅनिया बनवणाऱ्या एम.एस्सी.वाल्यांचा हा ठरलेला प्रश्न, आणि लॅबमधला सिनियर 500 सांगून मोकळा होतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, अ‍ॅनाटेज येणार की रुटाइल (टायटॅनियाची दोन स्फटिकरूपं), हे दाणे किती बारीक आहेत, त्यात काय भेसळ आहे नि भट्टीत किती वेळ ठेवलं यावरही अवलंबून असतं.

म्हणून जेल 80-100 डिग्रीला नीट वाळवा, खलात कुटा, आणि त्याच एका बॅचचे चार भाग करून 400, 500, 600, 800 ला भाजा. बॅच वेगळी घेतली की फरक तापमानाचा का बॅचचा हे कळतच नाही, मग बसा गाइडला उत्तरं देत. अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये पातळ थर पसरायचा, मफल फर्नेसचा रॅम्प (तापमान चढायचा वेग) मिनिटाला 2 ते 5 डिग्री, वर पोचल्यावर दोन तास होल्ड, मग भट्टी आपोआप गार होऊ द्यायची. मधल्या टप्प्यात ऑरगॅनिक जळत असतं, तिथे हवा कमी पडली तर कार्बन उरून पावडर करडी दिसते.

आता एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने स्फटिकरूप ओळखणं. कॉपर सोर्सवर अ‍ॅनाटेजचा मोठा पीक 25.3 ला (हे तापमान नाही, 2θ कोनाचे अंश), रुटाइलचा 27.4 ला. 400 वाल्याचे पीक पसरट असतील तर घाबरू नका, क्रिस्टल लहान आहेत एवढंच. रुटाइलच्या पीकची इंटेन्सिटी भागिले अ‍ॅनाटेजची, गुणिले 1.26, त्यात 1 मिळवा आणि जे येईल त्याने 1 ला भागा, हा अ‍ॅनाटेजचा वाटा (स्पर आणि मायर्स, 1957). फक्त आधी 30.8 ला ब्रुकाइट (टायटॅनियाचं तिसरं स्फटिकरूप) डोकावतोय का बघा, कारण त्याचे मोठे पीक अ‍ॅनाटेजच्याच पीकखाली लपतात आणि सगळा हिशोब चुकतो.

अ‍ॅनाटेज टिकतो तो दाणा लहान असेपर्यंत. साधारण 14 नॅनोमीटरच्या खाली तोच जास्त स्थिर, उष्णतेने दाणे वाढले की रुटाइल वरचढ, आणि एकदा झालेला रुटाइल गार केल्यावर परत फिरत नाही. झिरकोनियाचं (झिरकोनियम ऑक्साइडचं) उलट, तो गार होताना फेज म्हणजे स्फटिकरूप बदलतो, फुगतो आणि तडकतो, म्हणून तर त्यात यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) घालतात. टायटॅनियात लोखंड असेल तर रुटाइल लवकर येतो, सिलिका घातली तर उशिरा.

फोटोकॅटॅलिसिससाठी (प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया वेगाने घडवायला) हवी असेल तर 800 वाली पावडर फक्त तुलनेला ठेवा, तिचा सरफेस एरिया पार पडलेला असतो. 600 वाल्यात थोडा रुटाइल दिसला म्हणून लगेच फेकू मात्र नका, बाजारातली नावाजलेली टायटॅनिया पावडर पी25 पण मिक्सच असते, साधारण 80 टक्के अ‍ॅनाटेज, बाकी बहुतेक रुटाइल.