उन्हाळी भाजी घालायच्या आधी विहिरीत डोकवा

संक्रांत झाली, रात्रीचा गारवा कमी व्हायला लागला की भेंडी, काकडी, चवळी घालायला सुरुवात करा. डिसेंबरात घाई करून घातलेलं भेंडीचं बी गारठ्यात जमिनीतच बसून राहतं, बरंचसं कुजतं पण, तेच जानेवारीच्या शेवटी घातलं तर आठवड्याभरात वर येतं. पण बी आणायला बाजारात जायच्या आधी एकदा विहिरीत डोकवा आणि मागच्या एप्रिलात पाणी कुठपर्यंत खाली गेलेलं ते आठवा. आपल्याकडे कोकणात जमीन किती मोकळी आहे ते बघून उन्हाळी भाजी करायची नसते, एप्रिलात पाणी किती उरतं ते बघून करायची.

वाडीतली चार-पाच घरं मिळून एकाच मळ्यात वाटे पाडून भाजी करतात त्यांनी तर हे आधी बसून ठरवाच. फेब्रुवारीत पाणी सगळ्यांना पुरतं म्हणून जो तो दोन वाफे वाढवतो आणि मग मार्च संपता संपता, नेमकी भेंडी तोडणीला आलेली असते तेव्हा विहीर तळाला जाते आणि कोणाचंच धड होत नाही. भर उन्हात वाढलेल्या भाजीला गुंठ्याला रोजचं साधारण ५०० लिटर पाणी धरून चला. त्या हिशोबाने प्रत्येक घराचे वाफे आणि शिंपण्याची पाळी ठरवा, कमी लावलं तरी चालेल.

समुद्र नाहीतर खाडी जवळ असेल तर अजून एक. आपल्या विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पंप लावून एकदम उपसा केला की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते, मग ती पाऊस पडेपर्यंत काही सुधारत नाही. म्हणून सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं असंच काढा. पाणी तोंडात घेऊन बघत जा, खारट लागलं तर फरसबीला, भेंडीला ते सोसत नाही, पालक त्यातल्या त्यात टिकतो.

आता काय कधी. माठ आणि मुळा पहिले घाला, माठ महिन्याभरात काढून खाऊन होतो आणि पाणी असतानाच होतो. भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी, काकडीचंही जवळपास तसंच, म्हणजे जानेवारीअखेर घातलेलं मार्चच्या मध्यावर सुरू झालं पाहिजे, फेब्रुवारीच्या शेवटाला सरकवलंत तर सगळा भार एप्रिलवर येतो. कारली, पडवळ, दोडका यांना मांडव लागतो आणि त्यांचं लांबतं पण, त्यांची दोन-चार आळी विहिरीच्या दोणीजवळच (पाणी ओततात त्या कुंडीजवळच) करा म्हणजे सांडलेलं पाणी पण कामाला येतं. बियाणं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मिळालं तर बघा, कारल्यात कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, चवळीत कोकण सदाबहार, आपल्या हवेत काढलेले वाण आहेत. भेंडीत परभणी क्रांती नाहीतर अर्का अनामिका. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, कारल्याचं कवच टणक म्हणून पूर्ण दिवस. भेंडीच्या दोन ओळीत दीड फूट, दोन झाडांत अर्धा फूट पुरे.

जांभ्या मातीत पाणी थांबत नाही आणि त्याच्याबरोबर खतही खाली जातं. एकदम ढीगभर युरिया टाकून उपयोग नाही, आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि वरखत थोडं थोडं करून दोन-तीनदा द्या. आणि पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, कृपा करून सगळा भाजवळीला (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला) जाळू नका!! निम्मा तरी भाजीसाठी ठेवा, आळ्यावर चार बोटं जाड पसरला तर माती तापत नाही आणि शिंपणं बरंच वाचतं. फक्त खोडाला चिकटवू नका, सुका पातेरा खोडाशी राहिला की वाळवी लागते.

वई, म्हणजे कुंपण, बी घालायच्या आधी करा, नंतर नाही. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात आणि एका रात्रीत मळा साफ होतो. माकडांना वई पुरत नाही हे खरं आहे, दिवसा कोणीतरी राखणीला लागतंच, तिथे परत वाटेकऱ्यांची पाळी उपयोगी पडते. कारल्याच्या वाटेला ती त्यातल्या त्यात कमी जातात.

भेंडीची पानं पिवळी पडून शिरा पिवळ्याजर्द दिसल्या की ते झाड उपटून लांब नेऊन टाका, औषधाने ते बरं होत नाही आणि पांढरी माशी तो रोग बाकीच्या झाडांवर नेते. काकडी-कारल्याला फळमाशीचा सापळा लावताना दुकानात नीट विचारून घ्या, आंब्याच्या सापळ्यातलं मिथाईल युजेनॉल वेलभाज्यांच्या माशीला चालत नाही, तिला क्यूल्युअर हे वेगळं आमिषच लागतं. फुलं दिसायला लागली की लगेच लावा आणि किडकी फळं आळ्यात पडू देऊ नका, खड्ड्यात खोल पुरा.